मार्च ८५ की जून ८२?

मुलगे महिन्याभरात सापडले. मुली सापडायला वर्षं गेली. वाईच्या आमच्या शाळेतून मार्च १९८५ ला दहावी झालेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तो २०१४-१५ च्या सुमारास. त्याआधी २०१३ मध्ये ‘दुनियादारी’ सिनेमा येऊन गेला होता आणि चाळिशी उलटलेल्या बऱ्याच मंडळींना एकदम आपापले कट्टे आठवायला लागले होते. आमच्या ग्रुपात सुरुवातीला तिसेक जण होते, सगळे पुरुष. नाव मात्र ठेवलं होतं ‘आपण सारे, मार्च ८५’.

मुलगा शोधणं सोपं असतं. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. बावधनच्या पारावर कुणाही म्हाताऱ्याला विचारा, “त्यो व्हय, मुंबईला माथाडीत हाय, कोपरखैरण्याला ऱ्हातो,” एवढं तर लगेच कळायचं, वर धाकट्या भावाचा नंबरही मिळायचा. मुलीचं तसं नाही. लग्नात आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि आमच्या पिढीत कितीतरी जणींचं पहिलं नावही बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्याने बोटाने लिहिलं ते नवं नाव. शाळेच्या जनरल रजिस्टरात जी मुलगी आहे, त्या नावाची बाई आता कुठेच राहत नाही.

मग एकाने डोकं लढवलं. तो म्हणाला, माहेरवाशीण कुठे सापडेल? यात्रेत. बावधनचं बगाड रंगपंचमीला असतं. त्या दिवशी पोरीबाळी कुठून कुठून गावी येतात. तिथे उभं राहायचं, भावाला गाठायचं, बहिणीची चौकशी करायची. पसरणी, मेणवली, ओझर्डे, प्रत्येक गावाची यात्रा अशी धरली. पण भावाकडून मिळालेला नंबर बहुधा नवऱ्याचाच निघायचा. पलीकडे पुरुषाचा आवाज ऐकला की दाजी विचारायचे, “कोण बोलतंय? काय काम होतं?” पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसालाही त्यावर धड उत्तर सुचायचं नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी गंगापुरीतली, भाऊ वाईतच असल्यामुळे लवकर सापडलेली. बँकेतल्या नोकरीने अनोळखी माणसाला फोन करायची भीड कधीच घालवली होती.

खरा हातभार लावला तो मात्र स्वस्त झालेल्या इंटरनेटने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, घरोघरी पोरांनी नवे फोन घेतले आणि जुने आईकडे आले. काच तडकलेली, मागचं झाकण रबराने बांधलेलं, पण फोन तिचा स्वतःचा. त्यानंतरच्या वर्षभरात आमच्या ग्रुपात जेवढ्या बायका आल्या, तेवढ्या आधीच्या दोन वर्षांत आल्या नव्हत्या.

आम्ही सगळे एकत्र आलो ते जून १९८२ मध्ये, आठवीत. त्याआधी आम्ही वाईची मुलं पाचवीपासून त्याच शाळेत होतो. गावोगावची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी करून आली. तुकड्या पडल्या अ, ब आणि क. गुणांवरून पाडल्या असं सांगायचे. पण ‘अ’ मध्ये गणपती आळी, ब्राह्मणशाही, गंगापुरी आणि सरकारी नोकरांची मुलं भरलेली असायची, आणि ‘क’ मध्ये पायी येणारी. पसरणीचं पोर रोज चार किलोमीटर येऊन चार किलोमीटर परत जायचं. पावसाळ्यात त्यांच्या पाट्या-दप्तरांवर खताच्या गोणीची घोंगशी असायची. आमच्याकडे मेणकापडाचे रेनकोट. इतकं सगळं समोर दिसत असताना त्या वयात काही म्हणजे काही खटकत नाही, याचं मला आता नवल वाटतं.

त्या वर्षी तिसरीही एक जात वर्गात आली, मुंबईकर पोरांची. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांनी गिरण्यांचा संप पुकारला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. सातारा जिल्ह्यातली किती घरं गिरणगावावर जगत होती ते तेव्हा कळलं, कारण जूनपर्यंत लालबाग-परळच्या खोल्यांतून बायकापोरं आजीकडे, चुलत्याकडे पाठवायला सुरुवात झाली होती. वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन आलेली मुलं शेवटच्या बाकावर बसायची. त्यांना सिनेमे पाठ, त्यांच्या शर्टाच्या कॉलरी मोठ्या, बोलणं ‘मी येतो ना रे’ असलं. आम्ही त्यांना हसायचो आणि त्यांचा हेवाही करायचो. ती म्हणायची, संप मिटला की आम्ही परत जाणार. संप मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. त्यातला एक आज भुईंजजवळ ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम आहे. एक परत गेला. त्याचे वडील ज्या गिरणीत साचे चालवायचे, तिच्या आवारात आज मॉल आहे, आणि तिथेच तो काही वर्षं सुरक्षारक्षक होता. हे त्याने ग्रुपवर सांगितलं ते विनोद म्हणून. पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग कुणीतरी विचारलं, वडील आहेत का रे? नाहीत.

आता बोलण्याचं. तीन वर्षं एका वर्गात बसून मुलामुलींत एक वाक्य बोललं गेलं नाही. अतिशयोक्ती नाही. वही हवी असेल तर बाईंमार्फत मागायची. एखाद्या मुलाने चुकून “पेन दे” म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी मुतारीच्या भिंतीवर दोन नावं आणि मध्ये बाण. त्यामुळे पहिल्या स्नेहमेळाव्यात काय झालं असेल ते सांगायला नको. मे महिन्यातला रविवार, दारात फेटे बांधणारा माणूस, मांडवात स्पीकर, आणि खुर्च्या आपोआप दोन बाजूंना. पुरुष आमच्याशी ‘अहो मॅडम’ करून बोलत होते. “आपण कुठे असता?” “मिस्टर काय करतात?” शेवटी मेणवलीची एक, आयुष्यभर भाजीचा गाळा चालवलेली, उठून म्हणाली, “आरं, मी तुज्याच वर्गातली हाय. तुला इतिहासात छडी बसली तवा मी मागंच बसलेली. ‘तू’ म्हण की!” तिथून पुढे मांडव सैल झाला.

माझं म्हणणं मी तेव्हाच ग्रुपवर लिहिलं होतं आणि त्यावरून दोन दिवस वादही झाला. आपण म्हणतो, जुनी मैत्री पुन्हा जुळली. कसली जुनी? माझी मैत्री होती चार जणींशी, सगळ्या गंगापुरी आणि गणपती आळीतल्या. मेणवलीवालीचं तर मला नावही धड ठाऊक नव्हतं. मधल्या सुट्टीत आम्ही वाईच्या मुली घरी जेवायला जायचो, गावाकडच्या वर्गात बसून भाकरी सोडायच्या. म्हणजे मुलींमध्येही दोन शाळा होत्या. तिच्याशी माझी मैत्री झाली ती पन्नाशीत. निमित्त तेवढं जुनं.

त्या काळी संपर्क ठेवायचा म्हणजे पत्र. पोस्टकार्ड पंधरा पैशांचं. दहावीच्या निरोप समारंभाला प्रत्येकीकडे एक स्वाक्षरीवही असायची, गुलाबी, निळी, पिवळी पानं, आणि त्यात पत्ते. पहिल्या दिवाळीला पत्रं गेली, दुसऱ्या दिवाळीला निम्मी गेली, त्यानंतर लग्नपत्रिका. पत्रिकेला उत्तर द्यायची पद्धत नव्हतीच, अहेर पाठवायची होती. मुलींची पत्रं सासरी उघडून वाचली जायची. हे सगळ्यांना माहीत असायचं, म्हणून पत्रात ‘तब्येत ठीक, पाऊस बरा’ याच्या पलीकडे काही जायचं नाही. फोन गावात मोजके. तार आली की घरातली बाई आधी मटकन खाली बसायची आणि मग ती वाचायची. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले होते. मला कधी तारेबद्दल हळवं होता आलं नाही.

मुलग्यांचं निराळं. ते एसटी स्टँडवर भेटत राहिले, किसन वीर कारखान्याच्या गळीत हंगामात भेटत राहिले, निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिले. त्यांची मैत्री तुटली नव्हतीच, तर ग्रुपने जुळली काय? म्हणून ग्रुप सुरू झाला तेव्हा त्यात बोलायलाच काही नव्हतं. सुप्रभात, गुलाबाची फुलं, पुढाऱ्यांचे व्हिडिओ, आणि राजकारणावरून दोघांचं ‘लेफ्ट’ होणं. ॲडमिन त्यांना समजूत घालून परत घ्यायचा, हे दर निवडणुकीला. बायका आल्यावर ग्रुपात आठवणी सुरू झाल्या, कारण त्यांच्याकडेच न सांगितलेलं शिल्लक होतं.

आणि त्या आठवणी जुळेनात. पुरुष सांगायचे, मधल्या सुट्टीत गणपती घाटावर पळायचं, दप्तर ढोल्या गणपतीच्या देवळाच्या भिंतीला टेकवायचं आणि कृष्णेत उड्या. काय दिवस होते! आम्हा बायकांना तो घाट माहीत होता तो कृष्णाबाईच्या उत्सवातला, आईबरोबर, हळदीकुंकवापुरता. शाळेच्या दिवशी तिकडे पाऊल टाकायची टाप नव्हती. वाईच्या मुलांना विश्वकोशाचं कार्यालय आठवतं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ ला निघाला होता, काम जोरात होतं, त्याचे प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशींना रस्त्याने जाताना पाहिल्याचं आमच्यातले तिघे-चौघे अभिमानाने सांगतात. त्यावर ‘क’ तुकडीतल्या एकाचा निरोप आला, “इस्वकोस म्हंजी काय ते मला पोरगी एमपीएस्सीला बसली तवा कळलं. मी रोज त्याच रस्त्यानं गवताचा भारा घेऊन जायचो.”

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती पाण्यावर. एकाने लिहिलं, शाळेच्या आडाचं पाणी किती गार असायचं, तसं पाणी आता फ्रिजमध्येही मिळत नाही. पंधरा-वीस जणांनी अंगठे वर केले. मग एक बाई, आता कराडजवळ अंगणवाडी सेविका आहे, तिने शांतपणे टाईप केलं की मी तीन वर्षांत ते पाणी कधी प्यायलेच नाही. प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि जायचं कुठे? त्या काळात तालुक्याच्या गावांतल्या बहुतेक शाळांची हीच गत होती; मुलींसाठी म्हणून जे काही असायचं त्याला दार असेल तर कडी नसायची. गावाकडच्या मुली सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत कोरड्या राहायच्या आणि ‘ते’ दिवस असले की घरीच. हजेरीवहीत त्याचे गैरहजेरीचे शिक्के असतील. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “दर महिन्याला कुठे जातेस गं?” तर सांगणार काय? त्या निरोपानंतर ग्रुप दिवसभर गप्प होता. मग पुढच्या वर्षी शाळेला भेटवस्तू काय द्यायची यावर चर्चा निघाली तेव्हा डिजिटल फळ्याचा ठराव मागे पडला आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाण्याची टाकी, नळ आणि आतून लागणाऱ्या कड्या यासाठी वर्गणी निघाली. कड्या किती हव्यात ते मोजायला सोनगीरवाडीतली एक जण स्वतः जाऊन आली. फळा देण्यात फोटो चांगला आला असता, हे ज्याने म्हटलं त्याला दिवसभर बोलणी खावी लागली.

छडीचंही तसंच. मेळाव्यात निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ देताना प्रत्येक पुरुषाने एकच गोष्ट सांगितली. सरांनी मला निरगुडीच्या फोकाने कसं फोडलं, आणि म्हणून मी आज कसा घडलो. गुरुजीही हसत होते. एक जण मात्र बोलायला उठला नाही. तो नंतर चहाच्या टेबलाशी मला म्हणाला, “मी नववीतच शाळा सोडली ती त्या फोकापायीच. घडलो न्हाय. पळालो.” तो आज ट्रक चालवतो, दोन मुली पदवीधर आहेत. आता तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारणंच बेकायदा ठरवलंय. आमच्यातल्या काही आजोबा-आजींना अजून वाटतं की त्यामुळेच पोरं बिघडली. मी त्या वादात पडत नाही. नातवाला मारणाऱ्या शिक्षकाच्या दारात सगळ्यात आधी हेच उभे राहतील.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की ग्रुप म्हणजे तक्रारींचा दरबार आहे. तसं नाही. एखाद्या रात्री अकराला कुणीतरी आठवीतल्या भूगोलाच्या पेपरची गंमत काढतं आणि पहाटेपर्यंत हसणं चालतं. कॅमलची कंपासपेटी नवी असताना तिचा जो वास यायचा तो नेमका कशाचा, यावर एका आठवड्यात शंभरेक निरोप झाले आहेत. इंग्रजी पाचवीत सुरू झालेले आम्ही, स्पेलिंगांच्या पाठांतराच्या चाली अजून सगळ्यांना येतात. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आमची मुलं त्या चाली ऐकून खो खो हसतात. आणि गॅदरिंगमधले फिशपॉन्ड! कुणी कुणाला टाकला होता हे गुपित चाळीस वर्षं सांभाळलेली दोन माणसं आमच्यात निघाली. सांगितलं तेव्हा ज्याच्यावर तो होता त्याला आठवतच नव्हतं.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या लाटेत, ग्रुपचं रूपच पालटलं. साताऱ्यात खाट कुठे आहे, ऑक्सिजन कुठे मिळतोय, एवढंच. शाळेत वर्गप्रमुख असलेला एक जण वही घेऊन बसला होता. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाला डबा पोचवायचा, सगळं त्या वहीत. त्या दोन महिन्यांत आम्ही वर्गातली माणसं गमावली. त्यातली एक माझ्या शेजारी बसायची. तिच्या शेवटच्या निरोपात तिने मला माहेरच्या नावाने हाक मारली आहे. मला त्या नावाने हाक मारणारं आता भावाशिवाय कुणी उरलेलं नाही.

आता बहुतेकांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली आहे. मेळावा वर्षाआड होतो. पहिल्या वर्षी बायका कमी, त्या तिकिटाला पैसे मागायचे कुणाकडे म्हणून. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्या वेळचा मेळावा बायकांनी भरून गेला. पुरुषांची कुरकुर अशी की आम्ही पूर्ण भाडं भरतो आणि गप्पा तुम्हीच मारता.

सध्या भांडण चाललंय ते नावावरून. फोन लागलेल्या सगळ्यांना ग्रुपात घ्यायचं की दहावी झालेल्यांनाच, हा प्रश्न कधीतरी येणारच होता. दहावीचा बोर्डाचा निकाल आता नव्वदीच्या पुढे असतो, २०२५ ला ९४.१० टक्के लागला. आमच्या वेळी एवढा लागत नसे. आमच्या वर्गातले कितीतरी ‘ऑक्टोबरची वारी’ करणारे, म्हणजे ऑक्टोबरला पुन्हा बसणारे. काही नववीतच एकदा-दोनदा राहिलेले, त्यांची बॅच कागदोपत्री ८६ किंवा ८७. आणि आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुली तर कुठल्याच बॅचमध्ये नाहीत. पसरणीच्या एकीचं लग्न नववीच्या दिवाळीत झालं. दहावीच्या ग्रुप फोटोत ती नाही, दहावीचं प्रमाणपत्र तिच्याकडे नाही. पण आठवीच्या सहामाहीत गणितात पहिली आली होती. हे दुसऱ्या आलेल्या मुलाला पक्कं आठवतं, कारण त्याला घरी मार बसला होता.

त्यानेच सुचवलं, की ‘मार्च ८५’ काढून टाका, ‘जून ८२’ ठेवा. जे पास झाले त्यांची बॅच नको, जे एकत्र बसले त्यांची असू दे. यावर आमचे बोर्डात गुण मिळवलेले पुणेकर बंधू म्हणाले, असं कसं, जगभर बॅच पासिंगच्या वर्षावरून ठरते, उद्या कुणीही यायचं. ट्रकवाला म्हणाला, “कुणीबी म्हंजी कोण रं?” शेवटी ॲडमिनने मतदान लावलं. दोन दिवस ‘मार्च’ पुढे होता. मग अंगणवाडीवालीने आणि मी मिळून फोन करायला सुरुवात केली, ज्या नुसत्या वाचतात आणि कधी काही लिहीत नाहीत अशा सगळ्यांना. पुणेकर बंधूंचा आक्षेप आहे की हा प्रचार झाला. आहेच. कालपर्यंत ‘जून’ नऊ मतांनी पुढे होता, आणि पसरणीवालीला ग्रुपात घेतल्यावर तिचं मत धरायचं की नाही यावर आज सकाळपासून नवं भांडण सुरू आहे.